मृतसाठा : केलुदच्या विवरातील पाण्याचा जमाखर्च

इंडोनेशियातले ज्वालामुखी म्हटलं की आपल्याकडे दोन नावं निघतात, क्राकाटोआ आणि तांबोरा. तांबोराचा उद्रेक १८१५ सालचा. त्याच्या धुराळ्यामुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच पडला नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. क्राकाटोआचा स्फोट १८८३ सालचा. त्याचा आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटापर्यंत, म्हणजे साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरवर ऐकू गेला, आणि त्यातून उठलेल्या समुद्राच्या लाटांनी छत्तीस हजारांवर माणसं नेली. ही दोन्ही नावं इतकी मोठी आहेत की त्या देशातले बाकीचे ज्वालामुखी त्यांच्या सावलीत जातात. बाकीचे म्हणजे किती? इंडोनेशियाचं सरकार १२७ ज्वालामुखी जागृत मानतं. दुसऱ्या कुठल्याही देशात इतक्या जागृत ज्वालामुखींच्या कुशीत इतकी माणसं राहत नाहीत.

मला लिहायचं आहे ते या १२७ मधल्या एकाबद्दल. पूर्व जावामध्ये केदिरी, ब्लितार आणि मलांग या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर केलुद नावाचा डोंगर आहे. उंची १,७३१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम शंभरेक मीटरने जास्त. जावातल्या तीन हजार मीटरच्या रुबाबदार, निमुळत्या शंकूंपुढे तो ठेंगणा आणि वेडावाकडा दिसतो. चित्रात काढावा असा नाही. पण विसाव्या शतकात त्याने जितकी माणसं मारली तितकी जावातल्या दुसऱ्या कुठल्याच ज्वालामुखीने मारली नाहीत, आणि त्यातली बहुतेक आगीने गेली नाहीत, पाण्याने गेली.

माझा या विषयाशी संबंध कसा आला ते सांगायला हवं, कारण भूगर्भशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पाटबंधाऱ्याच्या एका विभागीय कचेरीत मी आरेखक होतो. कालवे, मोऱ्या, सांडवे यांचे उभे-आडवे छेद काढण्यात उमेदीची वर्षं गेली. ज्वालामुखींवर हौसेने वाचता वाचता एका जुन्या डच आकृतीवर नजर थबकली. डोंगराच्या पोटात एक तळं, आणि तळ्याच्या एका बाजूने एकाखाली एक अशा बोगद्यांच्या रेघा. खाली काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, पण आकृती ओळखीची होती. हा धरणाचा छेद होता. फक्त हे धरण कोणी बांधलेलं नव्हतं, आणि त्याच्या तळाशी तोफ होती. त्यानंतर शब्दकोश शेजारी ठेवून डच वाचायला शिकलो. ते अजूनही अडखळतच चालतं, पण आकडे कुठल्याही भाषेत सारखेच असतात.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आपण महाराष्ट्रातली माणसं ज्वालामुखीच्या दगडावरच राहतो. सह्याद्रीचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहून आलेल्या पातळ लाव्ह्याचा आहे. तो थरावर थर पसरत गेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्याशी सपाट. जावाचं प्रकरण वेगळं आहे. तिथे हिंदी महासागराचा तळ जावाच्या खाली सरकत जातो. जाताना आपल्याबरोबर पाणी नेतो आणि त्या पाण्यामुळे खोलवरचा खडक कमी तापमानाला वितळतो. असा तयार झालेला शिलारस घट्ट, चिकट आणि वायूंनी भरलेला असतो. पातळ लाव्ह्यातून वायू सहज सुटतात. घट्ट शिलारसात ते कोंडतात आणि सुटतात तेव्हा खडकाच्या ठिकऱ्या उडवत सुटतात. म्हणून जावात लाव्ह्याच्या नद्या फारशा दिसत नाहीत. दिसते ती राख, तापलेल्या वायूचे आणि खडकाचे उतारावरून धावणारे ढग, आणि पाण्यात मिसळून झालेला राडा.

यातलं काय जास्त घातक ठरेल हे त्या त्या डोंगरावर अवलंबून असतं. मध्य जावातला मेरापी तापलेले ढग सोडतो. १९३० साली त्यात तेराशेहून जास्त माणसं गेली आणि २०१० साली साडेतीनशेच्या आसपास. बालीतला आगुंग १९६३ मध्ये उसळला तेव्हा त्याच्या उतारावरच्या बसाकी मंदिरात ‘एकादश रुद्र’ हा शतकातून एकदा येणारा विधी सुरू होता. १९८२ साली पश्चिम जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिनं रात्री हवेत बंद पडली. ती सुदैवाने पुन्हा सुरू झाली, आणि तेव्हापासून वैमानिक राखेला भिऊ लागले. २०१८ च्या डिसेंबरात क्राकाटोआच्या जागी उगवलेल्या ‘आनाक क्राकाताऊ’ची एक बाजू समुद्रात कोसळली आणि भूकंपाचा धक्का न बसता त्सुनामी आली. चारशेवर माणसं गेली. भूकंपाकडे कान लावून बसलेल्या यंत्रणेला ती कळलीच नाही. केलुदचं हत्यार म्हणजे त्याचं तळं.

केलुदच्या विवरात पावसाचं पाणी साठतं. पूर्व जावातला पाऊस भरपूर, विवराच्या भिंती उंच, आणि बाहेर जायला वाट नाही. वर्षानुवर्षं ते चढत जातं. मग कधीतरी तळाचं तोंड फुटतं. स्फोटाबरोबर सगळं तळं उचलून काठाबाहेर फेकलं जातं, डोंगर उतरताना वाटेतली राख, वाळू, धोंडे, झाडं सोबत घेतं, आणि ओढ्यांच्या वाटेने खालच्या सपाटीवर आदळतं. याला ‘लहार’ म्हणतात. शब्द जावानी आहे आणि आज जगभरचे भूवैज्ञानिक तोच वापरतात. तो शास्त्रीय लेखनात रुळवण्यात बी. जी. एशर या डच भूवैज्ञानिकाचा मोठा वाटा. (चक्रावून टाकणारे जिने आणि धबधबे काढणारा चित्रकार एशर हा त्यांचा सावत्र भाऊ. घरात उतारांची आवड असावी.) मराठीत मला लहारसाठी ‘रेंदा’ हा शब्द जवळचा वाटतो, पण आपला रेंदा पायाखाली असतो. लहारचा रेंदा ओल्या काँक्रीटसारखा जड असतो आणि घराएवढे धोंडे तरंगत नेतो. तळ्याचं पाणी थेट बाहेर पडून येतो तो पहिला लहार. उद्रेक संपल्यावर उतारावर पडून राहिलेली राख पुढच्या पावसाळ्यांत वाहून येते तो दुसरा. पहिल्याला इशारा देण्याइतका अवधी नसतो. दुसरा वर्षानुवर्षं येत राहतो.

जावातल्या लोकांना हे किती काळापासून ठाऊक होतं? १३६५ साली लिहिलेल्या ‘नागरकृतागम’ या काव्यात मजपहित साम्राज्याचा राजा हयाम वुरुक याच्या जन्माचं वर्ष येतं, १३३४. त्या वर्षी धरणी हलली, राखेचा पाऊस पडला, ‘कंपुद’ पर्वत गरजला असं कवी सांगतो. कंपुद म्हणजेच केलुद. राजाचा प्रताप दाखवायला कवीने ते वापरलं आहे, पण आपल्याला त्यातून उद्रेकाचं वर्ष मिळतं. ब्लितारच्या उत्तरेला केलुदच्या पायथ्याशी पनातरनचं शिवमंदिर आहे. तिथला सर्वांत जुना शिलालेख ११९७ चा, आणि पुढची अडीचशे वर्षं तिथे बांधकाम होत राहिलं. मुख्य मंदिराच्या जोत्यावर रामायणाची शिल्पपट्टी आहे, तिच्या वरच्या टप्प्यावर कृष्णकथा. ज्या देवासाठी हे सगळं उभं राहिलं त्याला ‘अचलपती’ म्हटलेलं आढळतं, म्हणजे डोंगराचा धनी. नाव संस्कृत आहे, पण त्यामागची भीती पूर्णपणे स्थानिक आहे असं माझं मत.

त्या भीतीचं सर्वांत चांगलं टिपण मात्र शिलालेखात नाही, लोककथेत आहे. राजकन्या देवी किलिसुचीला दोन राक्षसी वरांनी मागणी घातली. एकाचं डोकं बैलाचं, तो लेंबू सुरो. दुसऱ्याचं रेड्याचं, तो महेसा सुरो. (दुसऱ्या नावात आपला महिषासुर डोकावतोच.) तिने अट घातली, केलुदच्या माथ्यावर एका रात्रीत दोन विहिरी खोदा, एकीचं पाणी सुवासिक हवं आणि दुसरीचं उग्र वासाचं. त्यांनी खोदल्या. मग ती म्हणाली, आत उतरून खात्री करून द्या. ते उतरल्यावर सैनिकांनी वरून दगड लोटून त्यांना गाडलं. मरताना लेंबू सुरोने शाप दिला. त्याचा मथितार्थ असा की केदिरीची नदी होईल, ब्लितारचं सपाट अंगण होईल आणि तुलुंगआगुंगचा डोह होईल.

या कथेची अनेक रूपं प्रचलित आहेत, पण शाप सगळीकडे साधारण हाच. तो मी नकाशावर मांडून पाहिला. केलुदचे ओढे ब्रांतास नदीला मिळतात, आणि ही नदी डोंगराला जवळजवळ पूर्ण वळसा घालून उत्तरेला जाते. दक्षिण-नैऋत्येच्या ओढ्यांचा रेंदा ब्लितारच्या सपाटीवर पसरतो आणि शेतं-घरं एका पातळीला आणतो, म्हणजे अंगण. गाळाने पात्र उथळ झालं की नदीचं पाणी तुलुंगआगुंगच्या सखल भागात तुंबतं, म्हणजे डोह. पश्चिमेचे ओढे केदिरीकडे उतरतात. तीन गावं, तीन वेगळे परिणाम, आणि तिन्ही बरोबर. माथ्यावर विहीर, विहिरीत उग्र वासाचं पाणी, आणि त्या पाण्याचा तळच्या गावांवर राग, यात गंधकाच्या वासासकट सगळं आलं. शापाला पुरावा मानणं शास्त्रीय बैठकीत बसत नाही हे मला मान्य आहे. तरी सांगतो, धोक्याचा इतका नेमका नकाशा डच अधिकाऱ्यांच्या हाती १९१९ पूर्वी नव्हता.

जुन्या नोंदींत १५८६ सालच्या उद्रेकात दहा हजार माणसं मेल्याचं येतं. त्यानंतरचे लहानमोठे उद्रेक सोडून मी विसाव्या शतकाकडे येतो, कारण तिथून जमाखर्च लिहिलेला आहे.

१९०१ च्या मे महिन्यात केलुद उसळला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी सुराबायात एका शाळामास्तरांना मुलगा झाला. पुढे स्वतंत्र इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्नोंनी आपल्या आत्मकथनात हा योग आवर्जून सांगितला आहे. हयाम वुरुकचीच तऱ्हा. डच सरकारच्या लेखी मात्र हा महसुली प्रश्न होता. केदिरी आणि ब्लितारचा टापू ऊस, कॉफी आणि भाताचा. तिथे चिखल आला की साखर कारखाने आणि सारा दोन्ही बुडतात. म्हणून ओढ्यात बांध घालणं, विवराच्या काठाला चर खणून थोडं पाणी काढून टाकणं असे उपाय झाले. चर खणून पाणी कमी झालं, पण तळं राहिलंच. १९१९ साली त्यात सुमारे चार कोटी घनमीटर पाणी होतं. आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत १.४ टीएमसी, म्हणजे पुण्याच्या खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याहून थोडं कमी. हे पाणी माणसांच्या डोक्यावर, डोंगराच्या टोकाला, बिनदरवाज्याच्या भांड्यात.

१९ मेच्या मध्यरात्रीनंतर ते बाहेर पडलं. लहार ३८ किलोमीटरपर्यंत गेला. १०४ गावं उद्ध्वस्त झाली. ब्लितार शहरात चिखल शिरला. मृतांचा अधिकृत आकडा ५,११०. रात्रीची वेळ, झोपलेली माणसं, आणि धावून जायचं तर कुठल्या दिशेने हे अंधारात कळायला मार्ग नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९२० मध्ये, डच सरकारने ज्वालामुखींवर पाळत ठेवण्यासाठी स्वतंत्र खातं काढलं. आज बांडुंगमधून १२७ ज्वालामुखींवर नजर ठेवणारी जी राष्ट्रीय संस्था आहे तिचं मूळ या खात्यात, म्हणजे पर्यायाने केलुदच्या चिखलात आहे. आणि त्याच सुमाराला केलुदच्या तळ्याला मोरी बसवायचं ठरलं.

इथे माझ्यातला आरेखक जागा होतो. उद्रेकाने विवर रिकामं झालं होतं, तेव्हा घाई केली तर तळाशी बोगदा काढता येईल असा सुरुवातीचा विचार होता. सुमारे एक किलोमीटर लांबीचा बोगदा डोंगराच्या बाहेरच्या अंगाने विवरापर्यंत न्यायचा होता. पण पाऊस थांबत नव्हता. १९२३ पर्यंत तळ्यात पुन्हा दोन कोटींवर घनमीटर पाणी साठलं. भरल्या तळ्याखालून तोंड फोडणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कोयनेच्या ‘लेक टॅपिंग’मुळे लोकांना माहीत आहे. १९९९ आणि २०१२ मध्ये ते झालं तेव्हा राज्यभर बातम्या होत्या. १९२३ साली, गरम आणि गंधकाने मळलेल्या पाण्याखाली, कोसळत्या राखेच्या भिंतीत ते करणं आत्मघात ठरला असता. म्हणून अभियंत्यांनी जिन्याची युक्ती काढली. आधी पाण्याच्या पातळीजवळ एक बोगदा फोडायचा, तेवढं पाणी उतरू द्यायचं, मग उघड्या पडलेल्या भिंतीत त्याच्याखाली दुसरा, मग तिसरा. असे एकूण सात. ज्या आकृतीने मला डच शिकायला लावलं त्यातल्या रेघा याच. १९२६ पर्यंत पातळी पन्नास मीटरहून अधिक उतरली आणि साठा वीस लाख घनमीटरच्या खाली आला. चार कोटींवरून वीस लाख. या कामाला मी विसाव्या शतकातल्या पाण्याच्या मोठ्या कामांत बसवीन, आणि त्याचं नाव आपल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत येत नाही याची खंत आहे.

परीक्षा १९५१ साली झाली. ३१ ऑगस्टला केलुद पुन्हा फुटला. मृतांची संख्या सात. पहिला मोठा लहार आलाच नाही, कारण फेकायला पाणीच नव्हतं. १९१९ च्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की सात बोगद्यांचं मोल कळतं.

पण उद्रेकाने विवराचा तळ सत्तरेक मीटर आणखी खोल केला आणि बोगद्यांची तोंडं मोडली. सगळ्यात खालचा बोगदा दुरुस्त झाला, मात्र आता तो तळापासून फार उंचावर होता. धरणात मोरीच्या उंबऱ्याखाली जे पाणी राहतं त्याला आपण मृतसाठा म्हणतो. ते कालव्यात येत नाही, म्हणून हिशेबात धरत नाहीत. केलुदच्या विवरात १९५१ नंतर दोन कोटी घनमीटरहून अधिक मृतसाठा तयार झाला. बोगदे होते, दिसत होते, त्यांतून पाणीही वाहत होतं. पाहणाऱ्याला वाटावं, व्यवस्था चालू आहे.

पन्नाशीच्या दशकात खालच्या पातळीवर एक नवा बोगदा सुरू झाला. तो विवरापर्यंत न नेता अलीकडेच थांबवला, उरलेल्या भिंतीतून पाणी आपोआप झिरपेल या आशेवर. ते झिरपलं नाही. देश तेव्हा नवा, खजिना रिकामा, राजकारण पेटलेलं, आणि १९६५ पर्यंत महागाई दरसाल कित्येक पटींनी वाढू लागलेली. अशा वेळी एका डोंगराच्या भिंतीतला उरलेला तुकडा फोडायला कोण पैसे देणार? १९६५ साली एम. टी. झेन आणि डी. हादिकुसुमो या दोन इंडोनेशियन भूवैज्ञानिकांनी आंतरराष्ट्रीय ज्वालामुखीशास्त्राच्या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. शीर्षकाचा अर्थ, केलुदचा भावी धोका. तळ्यात किती पाणी आहे आणि उद्रेक झाला तर काय होईल, हे त्यात आहे. शास्त्रीय निबंधात आरडाओरडा करता येत नाही. तरी मला त्या सात-आठ पानांत तो ऐकू येतो.

२६ एप्रिल १९६६ रोजी केलुद फुटला. पाण्याने नेहमीच्या ओढ्यांची वाट धरली. दोनशेहून अधिक माणसं गेली. आकडा १९१९ च्या मानाने लहान वाटेल, पण मला हे मृत्यू जास्त सलतात. १९१९ च्या माणसांना कोणी काही सांगू शकलं नव्हतं. १९६६ च्या माणसांच्या डोक्यावरचं पाणी मोजलेलं होतं, छापलेलं होतं, आणि काढून टाकायची रीत चाळीस वर्षांपूर्वी त्याच डोंगरावर सिद्ध झाली होती.

मग मात्र काम झपाट्याने झालं. जुन्या बोगद्यांच्या ४५ मीटर खाली नवा बोगदा १९६७ मध्ये पुरा झाला. त्याला नाव दिलं ‘आंपेरा’. जनतेच्या दुःखाने दिलेला आदेश, अशा अर्थाच्या इंडोनेशियन शब्दांचं ते लघुरूप. नव्या राजवटीच्या मंत्रिमंडळाचंही नाव हेच होतं, म्हणजे बोगद्यालाही राजकारण चिकटलं. पण बोगद्याने आपलं काम केलं. तळं पंचवीस लाख घनमीटरच्या आसपास राहिलं.

१० फेब्रुवारी १९९० चा उद्रेक जोरदार होता. तीसहून अधिक माणसं गेली ती मुख्यतः छपरं कोसळून. राख दिसायला हलकी, पण छपरावर साचली आणि वर पाऊस पडला की वाशांना पेलत नाही. पाण्याचा हिशेब जमला तेव्हा कौलांचा हिशेब बाकी होता हे तेव्हा लक्षात आलं. आणि दुसऱ्या प्रकारच्या लहारांनी त्या राखेचा गाळ ब्रांतासमध्ये आणला. नदीवरच्या व्लिंगी धरणाची साठवण त्याने बरीच खाल्ली. माथ्यावरच्या साठ्यातून सुटका झाली तर खालचा साठा गाळाने भरतो.

२००७ सालची हकिगत वेगळीच. तळ्याचा रंग बदलला, पाणी तापू लागलं, आणि १६ ऑक्टोबरला सावधगिरीची सर्वोच्च, चौथी पायरी जाहीर झाली. लाखाहून अधिक लोकांना हलवायचा आदेश निघाला. पुष्कळ जण गेले नाहीत किंवा रात्री छावणीत आणि दिवसा शेतात असं करू लागले. यात अडाणीपणा नाही. केलुदच्या उतारावर अननस पिकतो, गाई आहेत, त्यांना कोणी दुसरं चारापाणी घालणार नव्हतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्फोट न होता तळ्यातूनच घट्ट लाव्ह्याचा काळा घुमट हळूहळू वर आला आणि शंभर मीटरहून उंच झाला. तळ्याचं डबकं उरलं. शतकभर माणसं ज्या पाण्याशी झुंजत होती ते डोंगराने स्वतःच हटवलं. लोक घुमट पाहायला सहली काढू लागले. ज्यांनी घर सोडलं नव्हतं त्यांना आपण शहाणे ठरलो असं वाटलं असणार.

म्हणून २०१४ ची रात्र मला महत्त्वाची वाटते. १३ फेब्रुवारीला रात्री सव्वानऊला चौथी पायरी जाहीर झाली. संस्थेचे प्रमुख राहिलेल्या सुरोनोंना लोक आजोबा म्हणावं तशा जावानी आपुलकीने ‘म्बाह रोनो’ म्हणतात. दहा किलोमीटरच्या आतल्या गावांना निघायला सांगितलं, आणि सात वर्षांपूर्वी फसगत झाल्यासारखी वाटली असूनही या वेळी लोक निघाले. जेमतेम दीड तासात, अकराच्या आत, घुमटाच्या ठिकऱ्या उडाल्या. राख दोनशे किलोमीटर पश्चिमेला योग्यकर्त्यावर पडली, सात विमानतळ बंद पडले, बोरोबुदूरचे स्तूप ताडपत्रीने झाकावे लागले. मृतांची संख्या एक आकडी राहिली. पहिला लहार नव्हता, कारण तळं नव्हतं.

इंडोनेशियन भाषेत आपत्तीला ‘बंचाना’ म्हणतात. हा आपला ‘वंचना’ शब्द, संस्कृतातून तिकडे गेलेला. मूळ अर्थ फसवणूक. अर्थ कसा सरकला ते भाषातज्ज्ञ सांगतील, पण केलुदचा जमाखर्च मांडताना तो मला वारंवार आठवतो. १९५१ चं यश पाहून सुस्तावलेल्यांची फसवणूक, २००७ च्या शांत घुमटाने केलेली फसवणूक.

पायथ्याशी आता ओढ्यांतली वाळू आणि दगड काढायचा धंदा जोरात आहे. लहाराने आणलेली वाळू बांधकामाला उत्तम. ट्रकच्या रांगा लागतात आणि त्या पैशावर घरं उभी राहतात, त्याच ओढ्यांच्या काठांवर. दरवर्षी ठरल्या महिन्यात गावकरी विवराच्या बाजूला नैवेद्य घेऊन जातात, लेंबू सुरोसाठी.

वर, विवरात, २०१४ च्या स्फोटाने घुमट गेला आणि त्याच्या जागी खोल खड्डा राहिला. खड्ड्यात पाणी साठू लागलं आहे. आंपेरा बोगद्याचा उंबरा आता त्या पाण्याच्या मानाने कुठे येतो, हे पुन्हा मोजावं लागणार आहे.